वाचकांचे प्रश्न: स्प्लिंट बनवायला शिकवायचं कसं?

गेल्या महिन्यात ह्या पानावर मी मनगट लटकं पडलेल्या पेशंटच्या स्प्लिंटबद्दल थोडंसं लिहिलं होतं, आणि त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. बरीचशी पत्रं पेशंटची नाहीतच, शिकणाऱ्या मुलांची आणि शिकवणाऱ्यांची आहेत. म्हणून ह्या वेळी सगळं पान त्यालाच देते. ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच, की ऑक्युपेशनल थेरपीत (आम्ही सगळे ओटीच म्हणतो) हात, मनगट, बोटं एका ठरावीक स्थितीत धरून ठेवायला जो आधार पेशंटच्या हातावरच घडवतात तो स्प्लिंट. शीट प्लॅस्टिकची असते, गरम पाण्यात मऊ होते, हातावर बसवायची आणि गार झाली की तो आकार पक्का.

ताई, मी मूळची गुहागरची, मुंबईत एका कॉलेजात दोन वर्षं ओटी शिकवते. ह्या वर्षी स्प्लिंटिंगचं प्रॅक्टिकल माझ्याकडे आलंय. सिनियर म्हणतात समोर करून दाखव आणि मुलांना करू दे. मुलं म्हणतात व्हिडिओ द्या. एक सप्लायर आधीच कापलेल्या तुकड्यांचं किट दाखवून गेलाय. तीस मुलं, मोजक्या शीट, दोन-दोन तासांची प्रॅक्टिकलं. काय निवडू?

तिन्ही करून झालंय माझं. अठरा वर्षं शिकवलं, आता रत्नागिरीत घरीच प्रॅक्टिस करते, अधूनमधून मुलं शिकायला येतात, त्यामुळे जे सांगते ते हातांनी केलेलं सांगते.

समोर करून दाखवणं ही आपली मूळ पद्धत. १९५० साली कमला निंबकरांनी केईएममध्ये ओटीचं शिक्षण सुरू केलं तेव्हा अशी पाण्यात मऊ होणारी शीट नव्हतीच, प्लास्टर, पत्रा, चामडं ह्यावर काम चालायचं आणि बघून बघूनच हात बसायचा. तेव्हा वर्गात मुलं मोजकी. तुझ्याकडे तीस आहेत. टेबलाभोवती उभी केलीस की पुढच्या सहा-सात जणांना दिसतं आणि मागच्यांना पुढच्यांच्या पाठी दिसतात. दुसरी अडचण जास्त मोठी आहे आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही, समोरून बघणाऱ्याला सगळं उलटं दिसतं. अंगठ्याची बाजू कुठली, करंगळीची कुठली, माझा कुठला हात शीटखाली आहे आणि कुठला वरून फिरतोय, हे त्याला मनात फिरवून घ्यावं लागतं, आणि स्वतः करायची वेळ आली, शीट मऊ होऊन हातात आली की एवढं फिरवायला वेळ असतो कुठे, जाड शीट असली तरी तीन-चार मिनिटांत ती घट्ट व्हायला लागते.

इथे व्हिडिओ खरंच कामाला येतो. कॅमेरा करणाऱ्याच्या खांद्यावरून लाव, म्हणजे मुलाला स्वतःचेच हात चालताहेत असं दिसेल. फोनवर शूट केलं तरी चालतं, आधीचं कोणाचं तरी चकाचक शूटिंग शोधत बसू नकोस, तुमच्याच कॉलेजातल्या शीटवर, तुमच्याच वॉटर बाथसमोर (शीट मऊ करायचं गरम पाण्याचं भांडं) कर. मुलं घरून बघून आली की क्रम पाठ झालेला असतो, पॅटर्न, खुणा, कापणं, गरम करणं, बसवणं, कडा, पट्टे, आणि प्रॅक्टिकलचा तोंडी समजावण्यात जाणारा वेळ वाचतो. पण लॉकडाऊनमध्ये आपण नुसत्या व्हिडिओवर शिकवून बघितलं ना, मुलं कॉलेजात परत आली तेव्हा तोंडाने सगळं धडाधडा सांगत होती आणि शीट पाण्यातून काढली की गोंधळत होती. ती किती लोंबते, किती ओढली की पातळ होते, आता दाब द्यायचा की आता सोडायचा, हे डोळ्यांना कळत नाही गं. उकडीच्या मोदकाची पारी आपण आईच्या शेजारी बसून शिकलो, उकड हाताला चटका लागेल एवढी गरम असतानाच मळायची आणि गार झाली की पारीला चिरा जातात हे बोटांनी शिकलो. इथेही तसंच आहे.

किटचं माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या वर्षी घेऊ नकोस. किटमध्ये सगळ्यांचा स्प्लिंट बरा दिसतो, शीट वाया जात नाही, दोन तासांत काम उरकतं आणि मुलं खुश होऊन फोटो काढतात, हे सगळं खरं. पण स्प्लिंटमधला विचार सगळा पॅटर्नमध्ये आहे. पुढच्या हाताच्या दोन तृतीयांश लांबी घ्यायची म्हणजे कुठपर्यंत, मनगटाजवळ हात निमुळता होतो आणि कोपराकडे जाडावतो मग अर्धा घेर कुठे किती, तळव्यावरच्या वरच्या आडव्या रेघेच्या अलीकडेच का थांबायचं, अंगठ्याखालची रेघ मोकळी का सोडायची. किट कापणाऱ्याने हे सगळं आधीच ठरवून टाकलेलं असतं आणि ते कोणाच्याच हातासाठी ठरवलेलं नसतं. पेणला साच्यातून गणपती काढणारा आणि मूळ मूर्ती घडवणारा ही दोन वेगळी कामं आहेत, आपल्याला मुलांना दुसरं काम शिकवायचंय. इंटर्नशिपच्या शेवटी वेळेची घाई असते तेव्हा किट वापरायला हरकत नाही, तोपर्यंत त्यांना किटमधली चूक ओळखता येत असेल.

मग काय करायचं, तर मी जे करते ते सांगते. पहिल्या प्रॅक्टिकलला शीट कपाटाबाहेर काढतच नाही. नुसता कागद. टिश्यू पेपर नाहीतर वर्तमानपत्र, हात टेबलावर ठेवून बाहेरची रेघ मारायची, खुणा करायच्या, पॅटर्न कापायचा आणि हातावर गुंडाळून बघायचा. मूठ वळते का, अंगठा करंगळीला टेकतो का, कोपर वाकवलं की वरची कड टोचते का. नाही जमलं की कागद फेकायचा, नवा घ्यायचा. दोन तासांत एकेक मूल चार-पाच पॅटर्न करतं आणि खर्च शून्य. पहिला पॅटर्न जवळजवळ सगळ्यांचा सरळ आयताकृती होतो, कारण आपल्या बोटांच्या मुळाची ओळ तिरकी आहे हे त्यांनी कधी बघितलेलंच नसतं. मूठ वळून बघ, तर्जनीचा उंचवटा पुढे आणि करंगळीचा मागे. म्हणून स्प्लिंटची पुढची कडही अंगठ्याच्या बाजूला लांब आणि करंगळीच्या बाजूला आखूड. हे बोर्डवर लिहून देऊ नकोस, कागद करंगळीला अडकला की त्यांचं त्यांनाच कळतं.

दुसऱ्या प्रॅक्टिकलला करून दाखवणं, पण रॉडनी पेटन ह्या सर्जनच्या चार पायऱ्यांनी. १९९८ मध्ये त्यांनी मांडलेली ही पद्धत सर्जरी आणि नर्सिंगवाले बरीच वापरतात. आधी शिक्षकाने नेहमीच्या वेगाने, काही न बोलता करायचं. मग हळूहळू, समजावत. मग शिक्षकाचे हात आणि बोलणं मुलाचं, म्हणजे मूल सांगेल तेवढंच तू करायचं. आणि शेवटी मूल स्वतः करतं, बोलत बोलत. सगळे तिसरी पायरी गाळतात आणि सगळ्यात जास्त शिकणं तिथेच होतं. मूल म्हणतं 'आता मनगटावर दाबा', मी थांबते, 'बोटांनी की तळव्याने?' आणि ते गप्प होतं. त्याला कळलेलं नव्हतं हे त्याला आणि मला एकदमच कळतं. बोटांच्या टोकांनी दाबलं की आतून खड्डे पडतात आणि ते खड्डे पुढे पेशंटच्या कातडीत रुततात, हे उत्तर वर्गातलं दुसरं कोणीतरी देतं, मी देत नाही.

तू म्हणशील एवढ्या वेळा करून दाखवायला शीट कुठून आणू. तर त्याला उपाय आहे. शीटमध्ये दोन जाती ढोबळमानाने लक्षात ठेव. एक पॉलिफॉर्मसारखी, मऊ झाली की हातावर ओल्या कपड्यासारखी बसते, उंचसखल सगळं घेते, पण परत परत गरम केली की ताणली जाते. दुसरी अॅक्वाप्लास्टसारखी, गरम झाली की काचेसारखी पारदर्शक होते आणि तिला स्वतःचा मूळ आकार लक्षात असतो, पुन्हा पाण्यात टाकलीस की बरीचशी सपाट होऊन परत येते. शिकवायला ही दुसरी घे. एकाच तुकड्यावर तिन्ही पायऱ्या होतात. वर पारदर्शक होते तेव्हा पाणी किती गरम हवं हेही मुलांना डोळ्याने दिसतं. बसायला ती थोडी हट्टी असते, तिला धरून ठेवावं लागतं, पण सुरुवातीला ते बरंच आहे.

आणि आता जे मला सगळ्यात पोटतिडकीने सांगायचंय ते. प्रत्येक मुलाला तोच स्प्लिंट दोनदा बनवायला लाव. त्याच जोडीदाराच्या त्याच हाताचा. पहिला बनवून झाला की लगेच मार्क देऊन विषय बंद करू नकोस. तो ज्याच्या हाताचा आहे त्याने संध्याकाळी चार तास घालायचा, घालून जेवायचं, लिहायचं, कुलूप उघडायचं, आणि काढल्यावर जिथे लाल झालंय तिथे बॉलपेनने गोल करायचा आणि त्याचा फोटो बनवणाऱ्याला पाठवायचा. एक राजापूरची मुलगी होती माझ्याकडे, तिचा पहिला स्प्लिंट बॅचमध्ये सगळ्यात सुबक होता, कडा गुळगुळीत, पट्टे सरळ. जोडीदारणीने चार तासांनी काढला तर करंगळीच्या बाजूला मनगटाचं जे हाड वर येतं त्यावर रुपयाएवढा लालभडक डाग. हिने 'घट्ट बसू दे' म्हणून नेमकं तिथेच दाबलं होतं. दुसऱ्या वेळी तिने न सांगता काय केलं, त्या हाडावर आधी कापसाची छोटी गादी ठेवली आणि वरून शीट बसवली, गादी काढली तर आत हाडापुरती घुमटी झालेली. पुस्तकात हे लिहिलेलंच आहे आणि मी वर्गातही सांगितलं होतं, पण ते तिचं झालं त्या डागामुळे. व्हिडिओने शिकवलेली बॅच असो, करून दाखवलेली असो, पहिल्या स्प्लिंटमध्ये फरक दिसतो, दुसऱ्या स्प्लिंटला ही सगळी मुलं मला जवळपास एका रांगेत आलेली दिसली आहेत. त्यामुळे कुठली पद्धत निवडू ह्यात रात्र घालवू नकोस, दुसऱ्या स्प्लिंटसाठी शीट आणि तिसरं प्रॅक्टिकल आधी बाजूला काढून ठेव. शीट कमीच पडली तर पहिलाच स्प्लिंट गरम करून सपाट कर आणि त्यातूनच दुसरा बनवायला दे, फक्त पॅटर्न कागदावर नव्याने काढायचा.

मॅडम, मी दापोलीची, ओटीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझी शीट प्रत्येक वेळी स्वतःलाच चिकटते किंवा सुरकुत्या पडतात. एकदा अख्खा तुकडा वाया गेला तेव्हा सगळ्यांसमोर बोलणी बसली, तेव्हापासून वॉटर बाथजवळ गेले की हात थरथरतात. सुट्टीत घरी प्रॅक्टिस करता येईल का?

आधी हे ऐक, तुकडा वाया गेला म्हणून बोलणी बसायला नको होती. शीट महाग असते, बाहेरून येते, शिक्षकांवरही खर्चाचा दाब असतो हे मला माहीत आहे, पण ज्या मुलाला वाया घालवायची भीती वाटते ते शीटला हातच लावत नाही, लांबून दोन बोटांनी धरतं, आणि नेमकी तशीच धरलेली शीट गुंडाळली जाते.

तुझं काय चुकतंय ते बहुतेक असं असावं. पाणी जास्त गरम. बहुतेक शीटना ६५ ते ७० अंश पुरतं, उकळत्या पाण्यात टाकलीस तर ती लगदा होते, उचलताना स्वतःच्या वजनाने ताणली जाते आणि बोटांचे ठसे उठतात. थर्मामीटर लावून बघ, अंदाजाने नको. दुसरं, कडेला चिमट्यात धरून उचलत असशील. घरात पुऱ्या तळायचा झारा असतो ना, मोठा, तो खालून घाल आणि सपाट उचल. भांड्याच्या तळाला सुती फडकं टाक म्हणजे तळाला चिकटणार नाही. बाहेर काढून टॉवेलवर ठेव, टिपून घे, घासू नकोस. पाणी टिपलं नाहीस तर त्या गरम पाण्यानेच पेशंटला चटका बसतो. मग हातावर ठेवण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघ. ज्या पेशंटच्या हाताची जाणीव गेलेली असते, म्हणजे नस तुटलेली किंवा कुष्ठरोगात वगैरे, तो सांगणारच नाही की पोळतंय, त्याच्यासाठी तुझं मनगटच थर्मामीटर.

सुरकुत्या पडतात त्याचं कारण बहुतेक वेळा हाताची स्थिती. तळव्याच्या बाजूचा स्प्लिंट असेल तर पेशंटचा तळवा वर करून ठेव, म्हणजे शीट आपल्या वजनानेच खाली बसते. उभ्या हातावर मऊ शीट लावायला गेलीस की ती घसरणार आणि तू पकडायला जाणार. दाबू नकोस, तळव्याने कुरवाळ, तान्ह्या बाळाला तेल लावताना हात फिरतो तेवढ्याच जोराने. आणि दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नकोस, कोटिंग नसलेली शीट स्वतःला चिकटली की सुटत नाही.

घरी प्रॅक्टिस नक्की होते आणि त्यासाठी शीटच लागते असं नाही. पॅटर्न कर, जेवढे हात मिळतील तेवढ्यांचे. वर्गात तुम्ही सगळे वीस-एकवीसचे, सगळ्यांचे हात सडपातळ आणि सरळ, ते खरे हात नव्हेत. आजीचा हात घे, सांध्यांना गाठी आलेला. शेजारच्या काकांचा घे, होडीवर जन्म गेलेला, तळवा असा जाड की रेघाच सापडत नाहीत. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या कोणी ओळखीच्या असतील तर त्यांचा अंगठा बघ, दिवसभर तेच तेच करून अंगठ्याच्या मुळाशी दुखतं त्यांना, अंगठ्याच्या स्प्लिंटचा पॅटर्न त्यांच्यावर कर. विचारून, समजावून, आणि 'हे शिकण्यापुरतं आहे, उपचार नाही' असं सांगून. प्रत्येक पॅटर्नवर कोणाचा, कुठे अडकला ते लिहून ठेव. सुट्टीत असे पंधरा-वीस झाले की परत गेल्यावर तुझे हात थरथरणार नाहीत, मी लिहून देते.

प्लास्टरची पट्टी मेडिकलमध्ये मिळते, तिने हाताच्या कमानी समजतात. हाताचा तळवा सपाट नसतो, त्याला आडव्या आणि उभ्या कमानी असतात, प्लास्टर ओलं असताना त्यात अंगठ्याने दाब दिलास की कमान कशी धरायची ते कळतं आणि चुकलं तर फार काही जात नाही. मोजा घालून त्यावरच कर. वेलोरला सर्जन पॉल ब्रँडांच्या काळात कुष्ठरोग्यांची वाकडी झालेली बोटं अशीच प्लास्टरच्या नळ्या बदलत बदलत हळूहळू सरळ केली जायची, हे साधं साहित्य कमी दर्जाचं आहे असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. पाण्याच्या पीव्हीसी पाइपचे तुकडे गरम करूनही आपल्याकडे बोटांचे आणि हाताचे स्प्लिंट झालेत, पण ते घरी एकटीने करू नकोस, पीव्हीसी जास्त तापलं की वाईट धूर निघतो आणि ते कातडीवर सरळ घालायचं नसतंच.

कॉलेजात कचऱ्यात जाणारे शीटचे लहान तुकडे मागून आण. गॅसवर पसरट पातेल्यात पाणी ठेव आणि त्यातून बोटाचे स्प्लिंट कर. दापोलीत पावसात लाइट जाते तेव्हाही गॅस चालतो. पातळ शीट मिनिटभरातच गार होते म्हणून घाई शिकशील आणि जाड तुकडा जरा वेळ देतो, दोन्ही कर. पहिले चार बिघडतील. ते टाकू नकोस, घेऊन ये सुट्टीनंतर.

ताई, आम्ही देवगडचे. बाबा आंब्यावरून पडले, दंडाचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं पण मनगट वर उचलत नाही. हॉस्पिटलात शिकाऊ मुलांनी स्प्लिंट बनवून दिला. बाबा तो घालतच नाहीत, म्हणतात, 'ह्यां घालून मी कोयतो कसो धरतलंय?' शिकाऊ मुलांचा म्हणून नीट नसेल का? परत मोठ्या डॉक्टरांकडून करून घ्यावा का?

दंडाच्या हाडाला चिकटून जी नस जाते ती दुखावली की मनगट असं लटकतं. नस भरून यायला वेळ लागतो, साधारण दिवसाला एक मिलिमीटर पुढे सरकते, म्हणजे महिने जातात, आणि तोवर मनगट जरासं वर, २०-३० अंशांत धरून ठेवायला तो स्प्लिंट आहे. नाही घातला तर लटकून लटकून मागचे स्नायू ताणले जातात आणि पकडही लागत नाही. करून बघा, मनगट खाली सोडून मूठ घट्ट वळायचा प्रयत्न करा, जोरच येत नाही.

शिकाऊ मुलांनी बनवला म्हणून वाईट असं धरू नका, त्यांच्या मागे थेरपिस्ट उभे असतात. पण तुमच्या बाबांचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तो स्प्लिंटचा दोष दाखवतोय. स्प्लिंट घालून बाबांना मूठ वळायला सांगा. बोटांच्या मुळाशी, तळव्यावरच्या वरच्या आडव्या रेघेवर जर स्प्लिंटची कड येत असेल तर मूठ पूर्ण वळणारच नाही आणि कोयत्याची मूठ हातात बसणार नाही. शिकाऊ हाताची ही नेहमीची चूक आहे, कड चार-पाच मिलिमीटर जास्त. ती कापून, गरम करून, बाहेर वळवून दहा मिनिटांत नीट होते, नवीन बनवायची गरज नाही. मात्र घरी विळीने किंवा सुरीने कापू नका, धारदार कड राहते. जिथे बनवला तिथेच घेऊन जा आणि त्याच मुलांना भेटा. हे मी मुद्दाम सांगते. बाबांनी त्यांच्यासमोर मूठ वळून दाखवावी आणि तेच वाक्य त्यांच्या तोंडावर म्हणावं. त्या मुलांना ते आयुष्यभर लक्षात राहील. हो, कोयता धरता आला तरी आत्ता झाडावर चढायचं नाही, जमिनीवरचंच काम.

रोज काढून हात बघा. लाल झालं आणि वीस मिनिटांत गेलं तर ठीक, तसंच राहिलं तर दाखवायला न्या. (दुसऱ्या वाचकांसाठी एक सूचना, बोट हलवणारी दोरी, म्हणजे टेंडन, तुटून शिवलेली असेल तर हा नियम लागू नाही, तो स्प्लिंट स्वतःहून काढायचाच नाही, थेरपिस्टच काढून बघतील.) धुवायचा तर साध्या पाण्याने. आणि मे महिन्यात धुऊन अंगणात किंवा कातळावर वाळत टाकू नका, गाडीत समोरच्या काचेखाली ठेवू नका, उन्हाने तो वाकडा होतो. माझ्याकडे एका पेशंटचा असा आला होता, पोह्याच्या पापडासारखा मुडपलेला, बिचाऱ्यांना वाटलं आपलंच मनगट बदललं.

थ्री-डी प्रिंटरने स्प्लिंट निघतात असं वाचलं. मग हाताने बनवायला शिकवण्यात मुलांचा वेळ घालवायचा कशाला? — एक इंजिनियर, चिपळूण

निघतात, छान हलके, जाळीदार निघतात, आपल्या पावसाळ्यात हवा खेळायला चांगले. पण हाताचं स्कॅनिंग, कॉम्प्युटरवर आकार आणि मग छपाईला कित्येक तास. ऑपरेशननंतर सूज आज आहे ती चार दिवसांनी उतरते, स्प्लिंट तेव्हा तिथल्या तिथे हीट गनने (गरम हवा सोडणारं यंत्र) बदलावा लागतो. आणि कॉम्प्युटरवर कड कुठे थांबवायची हे ठरवणाऱ्याला तळव्याची रेघ माहीत असावीच लागते. तुमच्यासारख्यांनी जवळच्या ओटीबरोबर बसून काही करून बघितलं तर मला खरंच आनंद होईल, आधी एक कागदी पॅटर्न मात्र हाताने कापून बघा.

ताई, मी परीक्षक म्हणून जातो. प्रॅक्टिकलला टेबलावर तयार स्प्लिंट मांडलेले असतात आणि मार्क द्यायचे असतात. मला नेहमी शंका येते की आपण दिसण्याला मार्क देतोय. तुम्ही काय बघायचात?

शंका बरोबर आहे सर. टेबलावरचा स्प्लिंट काहीच सांगत नाही. मी तो हातावर घातल्याशिवाय पेन उघडायचे नाही. घातल्यावर पेशंट झालेल्या मुलाला मूठ वळायला, अंगठा करंगळीला लावायला, कोपर पूर्ण वाकवायला सांगायचे. मग स्प्लिंट हलवून बघायचे, मनगटावर पट्टा नेमका नसेल तर तो पुढेमागे सरकतो. कोनमापकाने मनगटाचा कोन मोजायचे, कारण गरम शीट गार होता होता मुलाचं लक्ष कडांकडे जातं आणि मनगट हळूच सरळ होऊन जातं, दिसायला सुंदर आणि कोन शून्य. आणि शेवटचा प्रश्न नेहमी एकच, 'हा परत करायला मिळाला तर काय बदलशील?' ज्याने उत्तर दिलं त्याच्या वाकड्या कडांचे मार्क मी कापले नाहीत. ज्याने 'काही नाही मॅडम' म्हटलं त्याच्याकडून आरशासारखे स्प्लिंट आले तरी मार्क मनापासून द्यावेसे वाटले नाहीत.

शक्य असेल तर एक सोय करा. चुकलेले स्प्लिंट टाकून देऊ नका, खोक्यात ठेवा आणि परीक्षेत प्रत्येक मुलासमोर एक ठेवून विचारा, ह्यात काय चुकलंय, कोणाला त्रास होईल, कसा नीट कराल. पाच मिनिटांत कळतं कोणाला समजलंय, शीटही लागत नाही. शिकवतानाही मी हेच खोकं वापरते. एकाची कड लांब, एकात अंगठ्याखालची जागा दाबलेली, एक दोन्ही बाजूंनी इतका उंच की पट्टा हाताला लागतच नाही, आणि एक माझा स्वतःचा, कॉलेजातला पहिला, मनगटाच्या हाडावर घुमटी नसलेला. सध्या अकरा आहेत. कोणाला मुलांना दाखवायला न्यायचे असतील तर पावसाआधी घेऊन जा, पावसात वेलक्रोला बुरशी धरते.